विश्लेषण : बंद पडता पडता वाचलेली ‘आर्क्टिक कॅट’… २०२७ च्या स्नोमोबाइलकडून रायडरांना काय हवे आहे?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील थीफ रिव्हर फॉल्स या छोट्या शहरात बनणारी ‘आर्क्टिक कॅट’ स्नोमोबाइल २०२४ च्या अखेरीस जवळपास इतिहासजमा झाली होती. मालक कंपनीने उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि विक्रेत्यांकडे न खपलेल्या गाड्या पडून राहिल्या. सुटे भाग तरी मिळतील का, हा प्रश्न हजारो मालकांना पडला. एप्रिल २०२५ मध्ये नवा मालक मिळाला आणि चित्र पालटले. त्यामुळे २०२७ या मॉडेल वर्षाकडून रायडरांच्या अपेक्षा वाढल्या आहेत. या अपेक्षा नेमक्या कोणत्या, त्या पूर्ण होणे कितपत शक्य आहे आणि एका कंपनीच्या गाड्यांवर एवढे काय अवलंबून आहे, याचा हा आढावा.

स्नोमोबाइल म्हणजे नेमके काय?

गुलमर्गला जाऊन आलेल्या पर्यटकांनी ‘स्नो स्कूटर’ पाहिलेली असते. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल. पट्ट्यावर रबरी खुंट असतात. ते बर्फात रुततात आणि गाडी पुढे ढकलतात. गिअर बदलावे लागत नाहीत. आपल्याकडच्या गिअरलेस स्कूटरमध्ये बेल्ट आणि दोन पुलींची जी रचना असते, तिचीच मोठी आणि दणकट आवृत्ती येथे वापरतात.

भारतात ही गाडी पर्यटकांची दहा-पंधरा मिनिटांची हौस आहे. अमेरिकेचा उत्तर भाग, कॅनडा आणि स्कँडिनेव्हियात मात्र ती हिवाळ्याच्या जगण्याचा भाग आहे. एकट्या मिनेसोटात स्थानिक क्लब सुमारे ३५ हजार किलोमीटर लांबीच्या स्नोमोबाइल वाटांची देखभाल करतात. या वाटांवरची हॉटेले, पेट्रोल पंप आणि दुरुस्तीची दुकाने हिवाळ्यात याच गाड्यांवर चालतात.

गाड्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. आखलेल्या वाटांवर वेगाने धावणारी ‘ट्रेल’ गाडी, खोल भुसभुशीत बर्फात डोंगर चढणारी लांब पट्ट्याची ‘माउंटन’ गाडी आणि ओझे ओढणारी ‘युटिलिटी’ गाडी. वरच्या श्रेणीतील नव्या गाडीची किंमत १५ ते २० हजार डॉलर, म्हणजे साधारण १३ ते १७ लाख रुपये असते. वर्षातले जेमतेम तीन-चार महिने वापरायच्या वस्तूसाठी एवढा पैसा घालणारा ग्राहक कंपनी टिकणार की नाही, हे आधी पाहतो.

‘मॉडेल वर्ष’ इतके महत्त्वाचे का?

मोटारींच्या बाजारात नवे मॉडेल वर्षभरात कधीही येते. स्नोमोबाइलचे चक्र ऋतूला बांधलेले आहे. पुढच्या हिवाळ्याच्या गाड्या साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे चालू हंगाम संपत असतानाच जाहीर होतात. २०२६-२७ च्या हिवाळ्यात धावणारी गाडी ‘२०२७ मॉडेल’ म्हणून ओळखली जाते. जाहीर झाल्यावर काही आठवडे ‘स्प्रिंग ऑर्डर’ची खिडकी खुली राहते. ग्राहक अनामत रक्कम भरून रंग, पट्ट्याची लांबी, शॉक अॅब्झॉर्बर असे पर्याय निवडतो. कित्येक मॉडेल फक्त याच काळात मागवता येतात. उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत उत्पादन होते आणि पहिला बर्फ पडण्याच्या सुमारास गाडी हातात येते.

याचा अर्थ ग्राहक गाडी न पाहता, न चालवता, सहा-आठ महिने आधी पैसे अडकवतो. कंपनीलाही किती गाड्या बनवायच्या याचा अंदाज त्यातूनच मिळतो. ही सगळी व्यवस्था विश्वासावर उभी आहे. म्हणून ज्या कंपनीचा कारखाना नुकताच थांबला होता, तिच्यासाठी नवे मॉडेल वर्ष ही त्या विश्वासाचीच परीक्षा आहे.

आर्क्टिक कॅट आली कोठून?

या उद्योगाची दोन मोठी नावे एकाच माणसाशी जोडलेली आहेत. एडगर हेटीन यांनी भाऊ अॅलन हेटीन आणि डेव्हिड जॉन्सन यांच्यासह मिनेसोटातील रोझो येथे १९५४ मध्ये जी कंपनी उभी केली, तीच पुढे ‘पोलारिस’ झाली. १९६० मध्ये हेटीन यांनी आपली यंत्रे किती टिकाऊ आहेत हे दाखवण्यासाठी अलास्कातून सुमारे १,९०० किलोमीटरची मोहीम काढली. सहकाऱ्यांना हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटला. मतभेद वाढले आणि हेटीन बाहेर पडले. शंभरेक किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यांनी नवी कंपनी काढली, तीच आर्क्टिक कॅट.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आणली होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या छंदाची लाटच आली. शंभराहून अधिक उत्पादक मैदानात उतरले. १९७१ मध्ये उत्तर अमेरिकेत जवळपास पाच लाख गाड्या खपल्या. पुढे तेलसंकट, मंदी आणि कमी बर्फाचे हिवाळे आले आणि बहुतेक कंपन्या संपल्या. शेवटी चार उरल्या : स्की-डू (आता ‘बीआरपी’ या कंपनीकडे), पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि जपानची यामाहा.

२०२४ मध्ये काय बिघडले?

२०१७ मध्ये ‘टेक्स्ट्रॉन’ने आर्क्टिक कॅट सुमारे २४.७ कोटी डॉलरना विकत घेतली. सेस्ना विमाने आणि बेल हेलिकॉप्टर बनवणारा हा अवाढव्य समूह. त्याच्या पसाऱ्यात स्नोमोबाइल हा लहानसा तुकडा होता.

करोनाकाळात घराबाहेरच्या छंदांना प्रचंड मागणी आली. गाड्या मिळेनाशा झाल्या, कंपन्यांनी उत्पादन वाढवले. नंतर व्याजदर चढले आणि हप्त्यावर गाडी घेणे महागले. त्यातच २०२३-२४ चा हिवाळा आला. मिनेसोटाच्या नोंदींतील तो सर्वांत उबदार हिवाळा ठरला. कित्येक वाटा हंगामभर उघडल्याच नाहीत. आपल्याकडे पाऊस रुसला की ट्रॅक्टरची विक्री बसते, तसेच तेथे बर्फाचे. विक्रेत्यांच्या आवारात जुन्या गाड्या साठल्या. त्या खपल्याशिवाय नव्या मागवणार कोण?

बीआरपी आणि पोलारिस यांनीही पुरवठा कमी केला. पण त्यांच्याकडे इतर वाहनांचा मोठा व्यवसाय होता. टेक्स्ट्रॉनने मात्र डिसेंबर २०२४ मध्ये या व्यवसायाचे काय करायचे याचा फेरविचार सुरू केल्याचे आणि २०२५ च्या पहिल्या सहामाहीत उत्पादन थांबवणार असल्याचे सांगितले. कामगारकपातही झाली. सुमारे नऊ हजार वस्तीच्या थीफ रिव्हर फॉल्सला हा मोठा धक्का होता. तेथे पिढ्यान् पिढ्या या कारखान्यात काम केलेली कुटुंबे आहेत.

नवा मालक कोण?

एप्रिल २०२५ मध्ये टेक्स्ट्रॉनने हा व्यवसाय ‘एसीसीटी मॅनेजमेंट’ या गटाला विकल्याचे जाहीर झाले. गटाचे नेतृत्व ब्रॅड डार्लिंग यांच्याकडे आहे. ते पूर्वी आर्क्टिक कॅटमध्येच वरिष्ठ पदावर होते आणि नंतर ‘आर्गो’ या कॅनडातील वाहन कंपनीचे प्रमुख होते. उपरा गुंतवणूकदार येऊन नाव विकून खाईल, ही भीती त्यामुळे बरीच कमी झाली.

२०२६ च्या गाड्यांची तयारी ज्या महिन्यांत व्हायची, नेमक्या त्याच महिन्यांत कंपनीचा मालक बदलत होता. नवीन काही आखायला त्या वर्षी वेळच नव्हता. म्हणून २०२७ हे मॉडेल वर्ष नव्या व्यवस्थापनाची दिशा दाखवणारे पहिले वर्ष मानले जाते.

पहिली अपेक्षा : ‘कॅटॅलिस्ट’ पुढे न्यावी

कंपनी विकली गेली तेव्हा तिच्या हातात एक चांगले पान होते. २०२४ मॉडेल वर्षासाठी तिने ‘कॅटॅलिस्ट’ नावाचा पूर्णपणे नवा सांगाडा आणला होता. त्यात वजन गाडीच्या मध्यभागी एकवटले आहे, रचना सडपातळ आहे आणि शक्ती पट्ट्यापर्यंत पोहोचवण्यासाठी साखळीऐवजी दातेरी बेल्ट वापरला आहे. साखळी, तिची पेटी आणि तेल गेल्यामुळे वजनही घटले आणि देखभालही.

स्नोमोबाइलमध्ये वजनाला एवढे महत्त्व का? खोल बर्फात गाडी रुतली की ती हातांनी उचलून, ओढून बाहेर काढावी लागते. दोनशे किलोच्या आसपासच्या यंत्रात पाच-दहा किलोंचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण डोंगरउतारावर कंबरभर बर्फात उभ्या असलेल्या माणसाला तो लगेच कळतो.

कॅटॅलिस्ट आधी ६०० सीसी इंजिनासह आली आणि पुढच्या वर्षी तिला ८५८ सीसीचे मोठे इंजिन मिळाले. नेमकी गाडी रंगात येत असतानाच कारखाना थांबला. त्यामुळे रायडरांची पहिली मागणी साधी आहे : आहे ते पक्के करा. सुरुवातीच्या वर्षांतले बारीकसारीक दोष काढा, सस्पेन्शन सुधारा आणि सांगितलेल्या तारखेला गाडी द्या. नव्या, तुलनेने लहान कंपनीला हे परवडणारेही आहे. कारण सांगाड्याचा मोठा खर्च आधीच्या मालकाने केलेला आहे.

दुसरी अपेक्षा : टर्बो मिळेल का?

डोंगरात गाडी चालवणाऱ्यांची सर्वांत मोठी इच्छा म्हणजे टू-स्ट्रोक टर्बो इंजिन. उंचीवर हवा विरळ होते. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि दर हजार मीटरमागे ढोबळमानाने दहा टक्के ताकद घटते. तीन हजार मीटरवर १६० अश्वशक्तीचे इंजिन ११०-११५ चेच काम करते. टर्बोचार्जर हवा दाबून आत ढकलतो आणि ही तूट भरून काढतो.

स्की-डूने २०२० मॉडेल वर्षात कारखान्यातूनच टर्बो लावलेली टू-स्ट्रोक गाडी आणली. पोलारिसने २०२२ च्या ‘पॅट्रिएट बूस्ट’ने उत्तर दिले. आर्क्टिक कॅटकडे मात्र कंपनी विकली जाईपर्यंत अशी गाडी नव्हती. टर्बो हवा असलेले ग्राहक बाहेरून किट बसवून घेत. त्यात वॉरंटीचा प्रश्न येतो.

टर्बोची ही अपेक्षा रास्त आहे, पण अवघड आहे. टू-स्ट्रोक इंजिनावर टर्बो बसवणे म्हणजे केवळ एक पंखा जोडणे नव्हे. उष्णता, तेलाचा पुरवठा, इंधनाचे मोजमाप, प्रदूषणाच्या चाचण्या या सगळ्यांची पुनर्रचना करावी लागते. त्याला वर्षे लागतात. घाईने आणलेले टर्बो इंजिन हंगामाच्या मध्यात फुटू लागले, तर सावरू पाहणाऱ्या कंपनीला ते टर्बो नसण्यापेक्षा महाग पडेल.

तिसरी अपेक्षा : फोर-स्ट्रोकचे काय?

पुण्यात बनणारी जुनी टू-स्ट्रोक बजाज स्कूटर किंवा ‘आरएक्स १००’ ज्यांनी चालवली आहे, त्यांना टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला फरक सांगावा लागत नाही. टू-स्ट्रोक हलके आणि चपळ असते, पण तेल जाळते. फोर-स्ट्रोक जड, पण शांत, दीर्घायुषी आणि तुलनेने स्वच्छ असते. भारतातील दुचाकींतून टू-स्ट्रोक हद्दपार झाले. स्नोमोबाइलमध्ये मात्र वजनाच्या कारणाने ते टिकून आहे. लांब पल्ल्याच्या वाटांवर रोज शेकडो किलोमीटर जाणाऱ्यांना तरीही फोर-स्ट्रोकच आवडते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर आवाज आणि धुराची कठोर मर्यादा पाळणाऱ्या गाड्यांनाच प्रवेश आहे आणि त्यांत मुख्यतः फोर-स्ट्रोक गाड्या बसतात.

आर्क्टिक कॅटची येथे खास अडचण आहे. तिची प्रसिद्ध ‘थंडरकॅट’, सुमारे २०० अश्वशक्तीची ९९८ सीसी टर्बो गाडी, यामाहाच्या इंजिनावर चाले. २०१४ मॉडेल वर्षापासून दोन्ही कंपन्यांची देवाणघेवाण होती : सांगाडा आर्क्टिक कॅटचा, मोठे फोर-स्ट्रोक इंजिन यामाहाचे. यामाहाच्या काही गाड्या थीफ रिव्हर फॉल्समध्येच तयार होत. जून २०२३ मध्ये यामाहाने स्नोमोबाइल व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. उत्तर अमेरिकेत २०२५ हे तिचे शेवटचे मॉडेल वर्ष. १९६८ पासूनची परंपरा संपली आणि तिच्या आधारावर उभी असलेली आर्क्टिक कॅटची फोर-स्ट्रोक मालिकाही अधांतरी झाली.

यामाहाचे चाहतेही आता पोरके आहेत. कॅटॅलिस्टच्या सांगाड्यात एखादे ताकदवान फोर-स्ट्रोक इंजिन बसले, तर हा वर्ग आपोआप आर्क्टिक कॅटकडे वळू शकतो. प्रश्न इंजिन आणायचे कोठून हा आहे. नवे बनवायला प्रचंड खर्च येतो. दुसऱ्याकडून घ्यायचे तर पुरवठादार आणि दीर्घ करार लागतो. पूर्वी ही कंपनी दीर्घकाळ सुझुकीच्या इंजिनांवर चालत असे. पुढे तिने मिनेसोटातीलच सेंट क्लाउड येथे स्वतःची टू-स्ट्रोक इंजिने बनवायला घेतली. त्यामुळे बाहेरचे इंजिन घेणे तिच्या परंपरेत नवे नाही.

नव्या गाडीपेक्षा जुन्या गाडीची काळजी मोठी?

चर्चा टर्बोची जास्त होते, पण बहुसंख्य मालकांचे दुखणे वेगळे आहे. त्यांच्याकडे तीन, पाच, दहा वर्षे जुनी आर्क्टिक कॅट आहे आणि ती चालू राहायला हवी. बेल्ट, पिस्टन, इलेक्ट्रॉनिक भाग वेळेवर मिळाले नाहीत, तर जानेवारीत बिघडलेली गाडी मार्चपर्यंत गॅरेजमध्येच राहते. हंगामच संपतो. शिवाय कंपनीबद्दल शंका निर्माण झाली की जुन्या गाडीची फेरविक्रीची किंमत घसरते.

यामुळे सुटे भाग, वॉरंटी आणि विक्रेत्यांचे जाळे या तीन गोष्टी रायडरांच्या यादीत खरे तर सर्वांत वर आहेत. अनिश्चिततेच्या काळात विक्रेत्याने दुसऱ्या कंपनीची एजन्सी घेतली, तर ग्राहकाला दुरुस्तीसाठी शेकडो किलोमीटर जावे लागते. गेलेला विक्रेता परत आणणे नवे मॉडेल काढण्याइतकेच कठीण असते. कारण साठलेल्या मालाचे व्याज त्याने स्वतःच्या खिशातून भरलेले असते.

आणखी एक मागणी किमतीची आहे. तरुण आणि नवशिक्या ग्राहकांना वीस हजार डॉलरची गाडी झेपत नाही. पूर्वी आर्क्टिक कॅटने ‘ब्लास्ट’ नावाची आटोपशीर, कमी किमतीची मालिका आणली होती. लहान मुलांच्या छोट्या गाड्याही तिच्याकडे होत्या. ज्या मुलाची पहिली गाडी हिरव्या रंगाची, तो मोठेपणीही तीच घेतो, हे या धंद्यातले जुने गणित आहे.

असे याआधी घडले होते का?

होय, आणि कारणेही जवळजवळ हीच होती. १९७९ ते १९८१ दरम्यान सलग कमी बर्फाचे हिवाळे आले, अमेरिकेत व्याजदर गगनाला भिडले आणि १९८१ मध्ये तेव्हाच्या ‘आर्क्टिक एंटरप्रायझेस’चे दिवाळे निघाले. कारखाना बंद पडला. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये काही जुन्या अधिकाऱ्यांनी ‘आर्क्टको’ नावाने तो पुन्हा सुरू केला. १९८४ मॉडेल वर्षासाठी मोजक्याच मॉडेलच्या थोड्या गाड्या बनवल्या. जेवढ्या गाड्यांना ग्राहक आहे तेवढ्याच बनवायच्या, हे धोरण ठेवले. त्यावर कंपनी पुढची तीन दशके उभी राहिली.

दुसरा योगायोगही बोलका आहे. टेक्स्ट्रॉनने १९६८ मध्ये पोलारिस विकत घेतली होती. १९८१ मध्ये तिने तोही व्यवसाय सोडला आणि व्यवस्थापनातील लोकांनीच तो घेतला. तीच पोलारिस आज या क्षेत्रातील बलाढ्य कंपनी आहे. मोठ्या समूहाला नकोसा झालेला व्यवसाय त्यातल्या जाणकारांच्या हाती गेल्यावर तगतो, याचा दाखला असा घरातच आहे.

आर्क्टिक कॅट टिकली नाही तर?

यामाहा गेल्यानंतर मोठे उत्पादक तीनच उरले. आर्क्टिक कॅट गेली असती, तर उत्तर अमेरिकेचा बाजार व्यवहारात दोनच कंपन्यांच्या हाती गेला असता. स्पर्धा कमी झाली की किमती चढतात आणि नवे प्रयोग मंदावतात, हे कोणत्याही बाजारात दिसते. म्हणूनच स्की-डू आणि पोलारिस चालवणाऱ्यांपैकीही अनेकांना आर्क्टिक कॅट उभी राहावी असे वाटते.

मात्र सर्वांत मोठा घटक कोणाच्याच हातात नाही. तो म्हणजे बर्फ. उत्तर अमेरिकेतील हिवाळे उबदार होत चालले आहेत आणि बर्फाचा भरवसा कमी होत आहे. एक चांगला हिवाळा साठलेल्या गाड्या संपवू शकतो. दोन वाईट हिवाळे उत्तम कंपनीलाही गुडघ्यावर आणू शकतात.

पुढे काय पाहायचे?

नव्या मालकाच्या हेतूंची परीक्षा तीन गोष्टींवरून करता येईल. पहिली, किती मॉडेल जाहीर होतात यापेक्षा त्यांतली किती वेळेवर पोहोचतात. दुसरी, जुन्या गाड्यांचे भाग किती दिवसांत मिळतात. तिसरी, फोर-स्ट्रोक आणि टर्बोबाबत कंपनी ठोस तारीख देते की केवळ आशेवर ठेवते. १९८४ चा धडा पाहिला, तर कमी गाड्या, पण पक्क्या गाड्या, हाच तिच्यासाठी सुरक्षित मार्ग दिसतो. त्यात टर्बोची वाट पाहणारे रायडर आणखी एखादे वर्ष नाराज राहतील. पण अनामत भरताना त्यांना आधी एवढीच खात्री हवी आहे की पहिला बर्फ पडेल तेव्हा गाडी दारात असेल आणि पाच वर्षांनी ती दुरुस्त करणारे कोणी तरी असेल.